जगरा माझाच होता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा उकळेपर्यंत तुमचं आटोपेल, मग मला सलग बोलता येईल. त्या दिवशी जंगलात काय झालं याच्या दोन-चार आवृत्त्या आमच्या कॉलनीत फिरून राहिल्या आहेत आणि प्रत्येकीत मी आधीपेक्षा जास्त मूर्ख ठरते. म्हणून म्हटलं, मूर्ख ठरायचंच आहे तर निदान खऱ्या हकिकतीत ठरू.

मी शोभा. नागपूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझी सगळी नोकरी गेली. वर्धेची कुठे लागते, उमरेडची सुटली का, हिंगण्याला कोणती जाते, हे अख्ख्या विदर्भाला मी सांगितलंय. आणि एक प्रकारची माणसं असतात बघा, गाडीच्या अगदी समोर उभी राहून तीच गाडी कुठे लागते म्हणून विचारतात. त्यांना मी मान वर न करता सांगायचे, 'समोर उभी आहे तीच. बोर्ड वाचा.' खिडकीत मी शुद्ध बोलायचे. राग आला की मात्र मले-तुले बाहेर येतं, त्याला माझा इलाज नाही.

माझा मुलगा नितीन पुण्याला असतो. पोरगा सोन्यासारखा आहे, पण काळजी फार करतो. दिवाळीनंतर त्याच्या मित्राच्या लग्नाला गेले, तर मी चुकून शेजारच्या हॉलमध्ये शिरले. आहेर दिला, जेवले, नवरीच्या आजीशी गुडघेदुखीवर बोलले आणि घरी आले. नवरदेव काही ओळखीचा वाटला नाही, हे खरं आहे. पण फेटा बांधला, मुंडावळ्या लावल्या की सगळे नवरदेव सारखेच दिसतात, यात माझी काय चूक?

नितीनने ते मनावर घेतलं. नाताळच्या सुटीत आला तो निकाल घेऊनच. घर भाड्याने देऊ, तू पुण्याला चल, इथे एकटी कुठे हरवलीस तर आम्ही तिकडून काय करणार? मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही. हे घर मी आणि याच्या बाबांनी पै पै जोडून बांधलं. बागेत सकाळी फिरायचा माझा ग्रुप आहे. शेजारी वंदना आहे. पुण्याला गेले की मी एकदा 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं तरी त्याच्या सोसायटीतल्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मला नको ते कौतुक.

भांडण वाढलं. शेवटी असं ठरलं. आमच्या ग्रुपची हिवाळ्यातली सहल होती, काटोलच्या वाटेवरच्या जंगलात. तिथे एक टेकडी आहे. टेकडीच्या अल्याड मालगुजारांच्या काळातला एक जुना तलाव, पल्याड दुसरा आणि वर एक सपाट खडक, त्याला सगळे पॉइंट म्हणतात. नितीन म्हणाला, तू त्या पॉइंटवर जा आणि कोणालाही वाट न विचारता खाली ये. आलीस तर पुण्याचं नाव काढणार नाही. हरवलीस तर सामान बांधायचं. मी म्हटलं, मंजूर. हातावर हात मारून घेतला, वंदनाच्या साक्षीने.

वंदना मेश्राम म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. दवाखान्यात नर्स होती. तिने तेव्हाच माझ्याकडे बघून मान हलवली होती. मी दुर्लक्ष केलं.

आता आमच्याकडे हिवाळ्यातली सहल म्हणजे रोडगे. बाहेरगावच्यांसाठी सांगते. जाड दळलेल्या कणकेचे गोळे करायचे, गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा लालभडक निखारा झाला की त्यात गोळे पुरायचे आणि वरून राखेने झाकायचे. या भट्टीला म्हणतात जगरा. जगरा झाकला की माणसं फिरायला मोकळी. परत यायचं, राख सारायची, खरपूस रोडगे काढायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे.

त्या सकाळी थंडी अशी होती की सगळा ग्रुप कानटोप्यांत. अल्याडच्या तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधापाशी, मी स्वतः जगरा लावला, शेजारी चुलीवर भाजीचं गंज ठेवलं, रोडगे पुरले आणि राखणीला नितीनला बसवलं. तसाही तो चढणार नव्हता, पहिल्याच चढाला त्याला धाप लागली होती. त्याला बजावलं, मी येईपर्यंत हात लावायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी राख उकरायची नाही. तो हो म्हणाला. हे लक्षात ठेवा.

पॉइंटवर मी सगळ्यांच्या आधी पोचले. खोटं नाही सांगत, वर उभी राहिले आणि मला रडू आलं. इकडे एक तलाव, तिकडे एक, मधे सागाचं रान, लांब तुरीची शेतं आणि काटोलकडच्या संत्र्याच्या बागा. हे गेल्यापासून मी एवढं चढलेच नव्हते. आपल्या पायांनी आले, आता आपल्या पायांनी उतरायचं आणि आपल्याच घरात मरेस्तोवर राहायचं, एवढं एकच मनात होतं.

आणि तेवढ्यात मला धूर दिसला.

खाली एका तलावाच्या काठावरून सरळ धूर वर येत होता. मी म्हटलं, तो बघा आपला जगरा. झाली वाट सापडून. ग्रुपमधले म्हणाले, आलो त्याच वाटेने जाऊ, फोटो काढून होऊ द्या. मला कुठला धीर? मी वंदनाचा हात धरला आणि धुराच्या दिशेने उतरायला लागले.

थोडं उतरल्यावर वंदना म्हणाली, "शोभा, सकाळी लावलेल्या जगऱ्याचा धूर आता काहून निघून राहिला? त्याचा तर निखारा झाला होता."

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, नितीनने ओल्या गोवऱ्या घातल्या असतील. पुण्याच्या पोराला ओली गोवरी काय, कोरडी काय.

वाटेत एक गुराखी भेटला. वंदना त्याला विचारणार तर मी तिचं तोंड दाबलं. विचारायचं नाही असं ठरलं होतं ना? तो बिचारा आमच्याकडे बघत राहिला. मग बोराचं झाड लागलं, बोरं खाल्ली, वंदनाच्या बुटाचा तळ निघाला, तो ओढणीने बांधला. खाली पोचेपर्यंत धूर संपला होता आणि मला भूक अशी लागली होती की विचारू नका.

तलावाची पाळ तीच. पळसाची झाडं तीच. पाळीजवळ राखेने नीट झाकलेला जगरा. माणूस मात्र एक नाही. मी म्हटलं, हा नितीन मोबाइलला रेंज शोधत गेला असणार.

दगडाच्या चुलीवर भाजीचं भांडं होतं. वंदना म्हणाली, हे पितळेचं आहे, आपलं गंज जर्मनचं, ॲल्युमिनियमचं होतं. मी म्हटलं, नितीनने बदललं असेल. जंगलात कुठून बदललं, असं ती म्हणाली. तिला म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत खोड काढू नको. भाजी चाखली, मीठ कमी लागलं. मी भाजीत कधी मीठ कमी टाकत नाही, म्हणजे झाकण उघडं ठेवून नितीनने काहीतरी घोळ केला असणार. शेजारी पुडी होती, त्यातलं मूठभर टाकलं.

मग राख सारली. वरच एक रोडगा निघाला, हा एवढा, नारळाएवढा. एवढा मोठा मी केल्याचं आठवेना. त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. उरलेल्या कणकेचा नितीनने एकच गोळा केला असेल, आळशी कुठला. मी तो फोडला, तुपात बुडवला आणि खायला बसले.

वंदना जेवली नाही. जरा लांब, एका दगडावर जाऊन बसली. नर्सची नोकरी केलेली बाई ती. काहीतरी वाईट होणार असलं की तिला आधी कळतं.

माझा अर्धा रोडगा संपला असेल, तेव्हा पाळीच्या वळणावरून एक कुटुंब आलं. पुढे नऊवारीतली एक धिप्पाड बाई, हातात पूजेचं ताट, ताटात नारळ, शेंदराची वाटी, उदबत्ती. मागे तिचा दीर, मुलगा, सुना, सगळी मंडळी. ती बाई माझ्यासमोर थांबली. तिचं नाव पंचफुलाबाई हे मला नंतर कळलं.

"काय करून राहिली वं बाई?"

"जेवून राहिली. काहून?"

"कोणाचं?"

"माह्या घरचं. मीच लावला हा जगरा."

तिने ताट सुनेच्या हातात दिलं आणि पदर खोचला. म्हणाली, गोवऱ्या मी माझ्या गोठ्यातून आणल्या, कणीक माझ्या शेतातल्या गव्हाची. मी म्हटलं, गव्हावर काय तुमचं नाव लिहिलंय? ती म्हणाली, भांडं पाहा, माझ्या माहेरचं पितळेचं आहे. मी म्हटलं, भांड्याचं मला सांगू नका, भांड्याचा विषय आमच्यात आधीच झालाय. तिच्या दिराने मधे तोंड घालायचा प्रयत्न केला तर आम्ही दोघींनी त्याला गप्प केलं.

शेवटी मी हुकुमाचं पान काढलं. मी रोडग्याच्या कणकेत ओवा टाकते. न चुकता. सासूने शिकवलंय तसं.

"फोडून पाहा," मी म्हटलं. "ओवा निघाला तर जगरा माहा."

मी राखेतून एक रोडगा काढला, झटकला, फोडला. ओवा नव्हता.

आता माझी अडचण समजून घ्या. ओवा टाकायला विसरले म्हणावं, तर मी भुलक्कड ठरते, म्हणजे पुणे. जगरा माझा नाही म्हणावं, तर मी हरवले, म्हणजे पुन्हा पुणेच. दोन्हीकडून सामान बांधायचंच. मग मी काय केलं? दुसरा फोडला. एखाद्या गोळ्यात ओवा नीट मिसळत नाही, होतं असं. दुसऱ्यातही नव्हता. तिसरा फोडला. ती मंडळी गोल उभी राहून बघत होती आणि मी राखेत हात घालून एकेक काढून फोडत होते. बोटं भाजली, पण मी थांबले नाही. थांबले असते तर कबूल करावं लागलं असतं.

शेवटचा फोडला. ओवा नाही.

"झालं का तुझं?" लांबून वंदनाने विचारलं.

पंचफुलाबाईचा आवाज तेव्हा पहिल्यांदा खाली आला आणि मी खरी घाबरले ती तेव्हा. तिचा नातू मोठ्या दुखण्यातून उठला होता. तो बरा होऊ दे म्हणून ती पाळीवरच्या मारोतीला रोडगा बोलली होती. तोच तो नारळाएवढा. आधी सगळी मारोतीला हार-शेंदूर करायला गेली होती, आता नैवेद्याला रोडगा न्यायला आली होती.

"देवाचा तू खाल्ला," ती म्हणाली. "बाकीचे फोडले. फोडलेला देवाले चालत नाही. आता का दाखवू मी त्याले?"

सुनेच्या कडेवर तो नातू होता. काडीसारखे हात, कानटोपीत बुडालेलं तोंड. त्याच्याकडे बघितलं आणि हातातला फुटका रोडगा खाली ठेवला. मला भांडता येतं, पण पोराच्या नवसाशी भांडता येत नाही. मी उठले, हात झटकले आणि म्हटलं, माझ्या जगऱ्यात आहेत, अख्खे. ओवा घातलेले. त्यातला पहिला तुमच्या मारोतीला.

"कुठी हाय तुहा जगरा?"

या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उभी नोकरी चौकशीच्या खिडकीत काढलेली बाई मी, आणि मला सांगता येईना.

दिरानेच सोडवलं. म्हणाला, पल्याडच्या तलावावर असतील यांची माणसं, चला, टेकडीला वळसा घालून जाऊ. मग निघाली वरात. पुढे दीर, मागे ताट घेऊन पंचफुलाबाई, मग फुटलेल्या रोडग्यांची टोपली, भाजीचं पितळी भांडं, सुना, नातू, ओढणीने बूट बांधलेली वंदना आणि सगळ्यात शेवटी मी. पूर्ण वाट पंचफुलाबाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एकदा फक्त थांबली आणि मला चिखलातून हात देऊन वर ओढलं.

आमच्या तलावावर काय चित्र होतं सांगू? आमचा ग्रुप सरळ वाटेने केव्हाच खाली येऊन पोचला होता. सगळे उपाशी जगऱ्याभोवती बसलेले आणि मधे नितीन, हातात काठी घेऊन, कोणाला राखेला हात लावू देत नव्हता. आईने सांगितलंय, ती आल्याशिवाय नाही. मला शोधायला चार वेळा थोडं थोडं जाऊन आला होता आणि दरवेळी जगऱ्याची शपथ आठवून परतला होता.

राख सारली. सगळे रोडगे कोळसा. हातात घेतला की चुरा. मी एकेक बाजूला टाकत गेले, टाकत गेले आणि अगदी मधोमध एक अख्खा सापडला. वरून काळा, पण टणक. पंचफुलाबाईने तो नारळाच्या करवंटीने खरवडला, नाकाशी धरला आणि म्हणाली, ओवा हाय. दीर तो घेऊन मारोतीकडे धावला. मी मनात हात जोडले. देवाला ओवा चालत असावा एवढंच म्हटलं.

मग नितीन माझ्याजवळ आला. चेहरा पांढराफटक.

"आई, हरवली होतीस ना?"

ओरडला असता तर मी उलट ओरडले असते. पण त्याचा आवाज कापत होता. मी काही बोलायच्या आत पंचफुलाबाई पुढे आली आणि म्हणाली, नाही गा बाबू, कुठची हरवते, मीच बोलावलं तुह्या आईले जेवाले. अगदी सहज म्हणाली. जिच्या देवाचा रोडगा मी खाल्ला, ती बाई माझं घर वाचवायला उभी राहिली होती. पैजेचं कोणी सांगितलं होतं तिला? वंदनाने, वाटेत, दुसऱ्या कोणी नाही.

मी गप्प बसले असते तर जिंकले होते. पण दुसऱ्याच्या खोट्यावर माझं घर उभं राहावं? मला ते सहन झालं नाही.

"हो, हरवली मी," मी म्हटलं. "चुकीच्या तलावावर गेली, लोकाचा जगरा उकरला, देवाचा रोडगा खाल्ला, भाजी खारट केली. मग? रडत बसली का? पोटभर जेवून, माणसं जोडून, तुह्यासाठी टोपलीभर रोडगे घेऊन आली. इथं हरवली तर मले कोणी हाताले धरून आणून सोडते. पुण्यात कोण सोडन? सामान नाही बांधत मी. काय करतं ते करून घे."

नितीनने खाली बघितलं. पंचफुलाबाईने त्याच्या हातात पत्रावळ दिली, फुटका रोडगा, तूप, भाजी. त्याने एक घास खाल्ला, मग गटागटा पाणी प्यायला आणि त्याला हसू फुटलं. म्हणाला, "राहा तू इथेच. हरवलीस तरी उपाशी राहायची नाहीस."

पुण्याचा विषय तिथे संपला. आजतागायत निघालेला नाही. आता इथेच थांबले असते तर किती बरं झालं असतं!

पण माझा आनंद आवरेना. परतताना सगळे भांडी उचलून राहिले होते, तर मी म्हटलं, व्हा बाजूला, जीप ठेवलीय त्या नाक्यापर्यंत मी एकटी जाते, बघाच. मान ताठ करून निघाले. वाट बरोबर, नाका बरोबर. आमची पांढरी जीप उभी. मी रुबाबात पुढच्या सीटवर जाऊन बसले, शाल गुंडाळली आणि डोळे मिटले. दमले होते हो.

जाग आली तेव्हा जीप चालू होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. मागून आवाज आला, "बाई, तू आमच्या गाडीत काहून बसली? आमाले वाटलं, नितीनबाबूले माहीत असन." पंचफुलाबाई.

सांगा, काय बोलणार होते मी? तासाभरापूर्वी छाती काढून भाषण दिलेलं. मी शाल सारखी केली आणि म्हटलं, "काटोललेच जायचं आहे मले. संत्री घ्याची आहेत."

मागे दीर उगाच खोकला. नितीनचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं. काटोलला संत्र्यांसाठी आलेय, एसटीने येते, तू गरम पाणी ठेव. पंचफुलाबाईने घरून पोतडीभर संत्री आणून माझ्या मांडीवर ठेवली, "घ्याले आली ना? मंग ने," म्हणाली आणि मला स्टँडवर सोडलं.

तिथे चौकशीच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. मी पोतडी सावरत उभी राहिले आणि विचारलं, नागपूरची कुठे लागते?

तिने मान वर केली नाही. "काकू, तुमच्या मागे उभी आहे तीच. बोर्ड वाचा ना."

मी वळून बघितलं. पाटीवर ठळक अक्षरात नागपूर.

"वाचला होता," मी म्हटलं. "तुह्या लक्षात आहे का, ते पाहून राहिली."